पुढच्या ब्रेकचं भांडण

दाजी, काल मी तुमच्या गाडीची दोन्ही चाकं खोलली. तुम्हाला न विचारता खोलली, आणि त्यासाठी अक्काची कणीक मळायची परात घेतली. यातलं काहीच तुम्हाला चाललं नसतं. गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला तुम्हाला खपायचा नाही, आणि परातीवरून अक्काने एकदा जे ऐकवलं होतं ते तुम्ही जन्मभर विसरला नाहीत.

तेरवी झाली. मंडप उतरला, भाड्याची भांडी परत गेली, पाहुणे आपापल्या गावाला गेले. तुमच्याबद्दल लोकांनी पुष्कळ बोलून घेतलं. माणूस शब्दाचा पक्का होता, असं तर जो तो म्हणाला. मी ओसरीवर बसून ऐकत होते. तुम्ही शब्दाचे पक्के होतात हे खरंच आहे, पण चुकीच्या शब्दालाही तुम्ही तेवढेच पक्के होतात हे कुणी बोललं नाही. मेलेल्या माणसाचे दोष काढू नयेत म्हणतात. मी काढणार आहे. तुमची जमीन किती, तुम्ही सोसायटीवर किती वर्षं होतात, कुणाकुणाच्या सोयरिकी जुळवल्यात, ते सगळं सांगणारे सांगून गेले. माझं आणि तुमचं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही ते माझ्या एकटीच्या अंगावर टाकून झोपेतच निघून गेलात. म्हणून हे लिहिते आहे.

गाडी आता बाळू चालवणार. तुमचा मुलगा असला तरी त्याला गाडीतलं वेगापलीकडे काही कळत नाही. तेव्हा त्याच्या हातात द्यायच्या आधी ब्रेक बघून घ्यावेत, असं मी अक्काला म्हणाले. ती म्हणाली, "मंग तूच बघ. त्या गाडीचं तुमच्या दोघांशिवाय कुणाला काय ठावं हाय."

खरं तर मलाही फारसं ठाऊक नाही. आपण दोघांनी मिळून एकदाच ते काम केलं होतं आणि तेही नासवलं होतं.

मी तेव्हा कुंभार पिंपळगावला तुमच्याकडेच राहत होते. माझं डी.एड. झालं होतं आणि नोकरीची वाट बघत होते. आमच्या अण्णांनी वाट बघणं सोडून स्थळं बघायला सुरुवात केली होती. पोरीची जात, नोकरी लागून काय करायचं, असं ते तुमच्यासमोरच म्हणाले होते. सासऱ्यासमोर तुम्ही कधी मान वर करून बोलला नाहीत, त्या दिवशीही मान खालीच होती. पण खाली बघत तुम्ही म्हणालात, "ऑर्डर येऊ द्या. मंग बघू. शोभी माझ्या घरी हाय, तुम्हाला काय तरास हाय का?" त्या वाक्यावर मी वर्षभर तुमच्या घरात राहिले आणि त्याबद्दल तुम्हाला कधी एक शब्द बोलले नाही. मेहुणीने दाजीची चेष्टा करायची असते, आभार मानायचे नसतात, असा काहीतरी आपला रिवाज होता.

चेष्टेला तुम्ही जागाही भरपूर ठेवली होती. तुमची ती शंभर सीसीची लाल टाकीची गाडी. रोज सकाळी तिला पुसायचात, आणि अक्का म्हणायची की म्हशीला कधी एवढं पुसलं नाही. मला गाडी शिकवायची म्हणून तुम्ही एकदा गावाबाहेरच्या मोकळ्या रानात घेऊन गेलात. मला सायकल येत होती. सायकलला दोन्ही हातांत ब्रेक असतात आणि दोन्ही दाबायचे असतात, एवढी माझी अक्कल. मी गाडीवर बसले आणि उजव्या हाताचा ब्रेक दाबून बघितला, तर तो पार मुठीला टेकला. काहीच लागत नव्हतं.

"तो न्हाई दाबायचा," तुम्ही म्हणालात.

"का?"

"पुढचा ब्रेक हाय तो. दाबला की माणूस तोंडावर पडतो. म्हणून मी वायर ढिली करून ठिवली."

"मग दिलाय कशाला?"

"कंपनीचं काय, ती देती. आपून समजून घ्यायचं. गाडी थांबवायची ती पायाच्या ब्रेकनं."

हे एकट्या तुमचं मत होतं असं नाही. अख्खं गाव तसंच गाडी चालवत होतं आणि अजूनही चालवतं. पण गावाने माझ्याशी वाद घातला नाही, तुम्ही घातलात. मी म्हणाले, सायकलवर तर कधी पडले नाही. तुम्ही म्हणालात, सायकल वेगळी, इंजिन वेगळं. घरी येईपर्यंत आपलं तेच चाललं होतं आणि गाडी शिकायची राहूनच गेली.

मग ऑर्डर आली. शनिवारी हातात पडली, आणि सोमवारी मंठ्याला पंचायत समितीत जाऊन रुजू व्हायचं होतं. सोमवार चुकला तर पुढचं काही खरं नव्हतं, जागा दुसऱ्या कुणाला गेली असती. आणि अण्णांच्या डोक्यात एक स्थळ पक्कं होत आलं होतं. एस.टी.ने जायचं तर दोन गाड्या बदलायच्या, आणि पहिलीच चुकली तर दिवस गेला. तुम्ही म्हणालात, "एस.टी. बिस्टी काही न्हाई. मी नेऊन सोडतो." आणि त्याच दिवशी संध्याकाळी तुमची गाडी पायाचा ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्यासारखी ओरडायला लागली.

लायनर संपले होते. चाकाच्या पोटात दोन अर्धगोल तुकडे असतात, त्यांच्यावरचा पट्टा आतून घासला की चाक थांबतं. ते तुकडे म्हणजे लायनर. पट्टा झिजून संपला की नुसतं लोखंड उरतं. हे सगळं मला तुम्हीच सांगितलं होतं, आणि तुम्हालाही ते मेकॅनिककडे उकिडवं बसून बघून बघून कळलं होतं. नेमका तो मेकॅनिक भाचीच्या लग्नाला परभणीकडे गेला होता. दुकानाला कुलूप.

"लायनर तर हाईत घरात," तुम्ही म्हणालात. ते होते देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, उदबत्तीच्या पुड्यांमागे. घनसावंगीहून कधीतरी आणून ठेवलेले. गाडीचा प्रत्येक सुटा भाग तुम्ही तिथेच ठेवायचात, आणि अक्का रोज पूजेला बसली की आधी प्लग आणि क्लचवायर बाजूला सारून मग घंटी शोधायची.

रविवारी सकाळी आपण अंगणात बसलो. तुम्ही लुंगी खोचून, मी ओढणी कमरेला बांधून. सुटलेला प्रत्येक नट आणि वायसर ज्या क्रमाने सुटला त्या क्रमाने ठेवायचा, म्हणजे बसवताना चुकायचं नाही, ही युक्ती माझी होती. त्यासाठी पसरट काहीतरी हवं होतं म्हणून मी परात आणली. अक्का विहिरीवर गेली होती. ती आली आणि तिने काळं झालेलं परातीचं बूड बघितलं, त्यानंतरचं मी इथे लिहीत नाही. तुम्ही खाली मान घालून, सासऱ्यासमोर बसावं तसे बसून राहिलात. "शोभीनं आणली," एवढंच म्हणालात.

पण काम छान चाललं होतं. ब्रेकचा रॉड सोडला, आसाचा नट पान्याला दाद देईना तेव्हा तुम्ही पान्याच्या दांड्यावर पाय देऊन उभे राहिलात, तो सुटला. आस बाहेर आला तेव्हा एक पोकळ नळीसारखा तुकडा घरंगळत जाऊन कोंबड्यांत पडला आणि आपण दोघंही कोंबड्यांमागे धावलो. मग चाक निघालं, प्लेट निघाली, आणि तिच्यावर समोरासमोर बसलेले ते दोन झिजके तुकडे. तुम्ही फुंकर मारली आणि आपल्या दोघांचीही तोंडं काळी झाली. स्प्रिंगा ताणून नवे लायनर प्लेटवर बसवायला अर्धी सकाळ गेली. एक बसवावा तर दुसरा उडायचा. शेवटी तुम्ही दोन्ही तुकडे पुस्तकासारखे मिटून धरलेत आणि दाबून उघडलेत, ते बसले. आपला आपल्यालाच विश्वास बसेना. आयुष्यात पहिल्यांदा दोघांनी चाक खोललं होतं, आणि मेकॅनिकशिवाय जमत होतं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण तुम्ही शेतकरी माणूस. नवीन बैलगाडीच्या कण्याला वंगण घातल्याशिवाय तुम्ही ती कधी जुंपली नाहीत. नव्या चपलेला तेल, नव्या कासऱ्याला तेल, विहिरीवरच्या इंजिनाला तेल, बाळू झाला तेव्हा त्यालाही अंगभर तेल. तुम्ही अक्काला हाक मारलीत, "थोडं करडईचं तेल आण वो." अक्का परातीवरचा राग धरून होती, तरी तिने वाटी आणून आदळली.

"कोरडी चीज कधी बसवू नये," तुम्ही म्हणालात. "नवं हाय. आधी तेल पाजावं, मंग ते काम करतं." आणि बोटाने दोन्ही लायनरला छान तेल चोळलंत, बाळाला चोळावं तसं, कडेकडेनं. मी बघत होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. डी.एड.ला हे नव्हतं.

चाक बसलं. हात बसलाय म्हणून तुम्ही लगे हाथ पुढचंही खोललंत, मला दाखवायला. "बघ. घेतल्यापासून हात न्हाई लावला. कसे हाईत?" लायनर खरंच कोरे करकरीत होते, पट्ट्यावरचे छापलेले आकडेसुद्धा वाचता येत होते. "याला म्हणत्यात गाडी वापरणं," म्हणालात आणि ते तसेच परत लावलेत. ते नव्याने टाकलेले नव्हते म्हणून त्यांना तेल पाजायचं तुम्हाला सुचलं नाही. त्यावर आज मी जिवंत आहे, असं माझं म्हणणं आहे. तुमचं म्हणणं वेगळं होतं.

मग तुम्ही रॉकेलने हात धुवायला गेलात. वायर जोडायची राहिली होती, ती मी जोडली. जोडता जोडता खालचा नट फिरवत गेले, फिरवत गेले, आणि मूठ दाबली की पुढचं चाक गच्च धरेल एवढी वायर आवळली. तुम्हाला सांगितलं नाही. दोन ब्रेक दिलेत तर दोन्ही चालू असावेत, एवढंच डोक्यात होतं.

तुम्ही गल्लीत फेरी मारून आलात. "आवाज न्हाई, काही न्हाई. बिलकुल लोण्यावाणी," म्हणालात. अक्काने चाकाला हळदकुंकू लावलं आणि लिंबू ठेवलं. गल्लीत पहिल्या गेअरला कुठलीही गाडी थांबते, हे आपल्याला नंतर सुचलं.

सोमवारी उजाडायच्या सुमारास निघालो. मागे मी, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी, पिशवीत ऑर्डर. थंडी होती. उसाचे दिवस होते, सगळा रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला. ओढ्याचा उतार लागला आणि खाली फरशीच्या पुलावर उसाची ट्रॉली आडवी अडकलेली दिसली. रस्ता पूर्ण बंद. तुम्ही ब्रेक दाबलात हे मला तुमच्या गुडघ्यावरून कळलं. गाडी मात्र तशीच चालली होती.

"दाजी, ब्रेक लावा."

"लावून राह्यलो. लागून न्हाई राह्यला."

ट्रॉलीतले ऊस मोजता येतील एवढे जवळ आले. मी तुमच्या कानात ओरडले, "पुढचा दाबा. मी आवळलाय, पुढचा दाबा." मग एक जोराचा हिसका बसला, माझं नाक तुमच्या पाठीवर आपटलं, इंजिन भुंकल्यासारखं ओरडलं, आणि गाडी उसाच्या पाचटात पुढचं चाक खुपसून उभी राहिली. आपण पडलो नाही. पिशवी माझ्या हातातच होती.

ट्रॅक्टरवाला धावत आला. "पाव्हणं, ब्रेक न्हाईत का गाडीला?"

"हाईत की," तुम्ही म्हणालात. ऐट तीच. "कालच नवे टाकले. तेल पाजून."

"ब्रेकला तेल पाजलं?" त्याने एकदा तुमच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तो ट्रॉलीच्या चाकाला टेकून हसत खालीच बसला. पुढे मंठ्यापर्यंत आपण दुसऱ्या गेअरच्या वर गेलो नाही. उतार आला की मी उतरून चालायचे आणि तुम्ही पाय घासत खाली यायचात. वाटेने जाणारे बघत होते. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की परत जाऊ. मी मात्र मनात दोनदा म्हणाले. पंचायत समितीतला बाबू जेवायला उठतच होता, तेवढ्यात आपण पोचलो. मी सही केली. बाहेर आले तर तुम्ही कडुलिंबाखाली बसून भजे खात होतात, अर्धे माझ्यासाठी कागदात ठेवून.

तिथे मी तुमच्या पाया पडायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, "बघितलं का, पुढच्या ब्रेकने वाचलो."

तुम्ही भजं चावणं थांबवलंत. "पुढचा? मी पुढचा दाबलाच न्हाई. गेअर खाली पाडला म्हणून थांबली."

"मग तो हिसका कशाचा?"

"गेअरचा."

झालं. तिथून जे सुरू झालं ते तुम्ही जाईपर्यंत चाललं. मी मागे बसले होते, तुमचा हात मला दिसत नव्हता. इंजिन ओरडलं होतं, म्हणजे गेअर तुम्ही पाडला होता हे मी मान्य केलं. पण नुसत्या गेअरने नाक आपटत नाही, हे तुम्ही कधी मान्य केलं नाहीत. दिवाळीला, बारशाला, माझ्या लग्नात तर जेवणाच्या पंगतीत, नवरदेवाला साक्षीला धरून तुम्ही सांगितलंत, "तुमची बायको म्हणती मी पुढचा दाबला. आवो, दाबला असता तर दोघं बी ट्रॉलीखाली असतो." गावात कुणी नवी गाडी घेतली की तुम्ही पेढा खाऊन हमखास सांगायचात, पुढच्याला हात लावू नको. आणि मी समोर असले तर माझ्याकडे बघून सांगायचात. मला राग यायचा. हसू यायचं ते वेगळं, पण रागही खराच यायचा. तुम्ही मला त्या दिवशी पोचवलंत हे जगाला माहीत होतं. मी काही केलं की नाही हे तुमच्या एकट्याच्या हातात होतं, आणि तुम्ही मूठ उघडत नव्हतात. चेष्टा चेष्टा म्हणत मी किती वर्षं तुमच्याकडून एका होकाराची वाट बघत होते, हे मला तुमच्या तेरवीला ओसरीवर बसल्यावर कळलं. तोवर उशीर झाला होता.

तर काल. अक्का मला अंगणात चाकाजवळ बसलेली बघून आत गेली आणि स्वतःच परात घेऊन आली. पालथी करून एकदा पुसली आणि ठेवली. मागचं चाक मी आधी खोललं. लायनर झिजले होते, झिजायचेच. मग पुढचं. खरं तर पुढचं खोलायची गरज नव्हती. ते कोरेच असणार, आकडे वाचता येणार, आणि मी एकटीच बसून पुन्हा चिडणार, हे मला ठाऊक होतं. तरी खोललं. तुमच्याशी भांडायची तेवढीच एक जागा उरली होती.

प्लेट निघाली. दाजी, पुढचे लायनर पार संपलेत. मागच्यांपेक्षा जास्त. पट्टा एवढासा राहिलाय, आणि चाकाच्या पोटातल्या ड्रमला आतून घासून घासून चकाकी आलीय. वायरचा नट मी आवळला होता तिथून किती पुढे आलाय, बघितलं. झिजेल तसा कुणीतरी तो आवळत आणलेला आहे. असा ब्रेक रोज दाबल्याशिवाय होत नाही, वर्षानुवर्षं दाबल्याशिवाय होत नाही.

मी अक्काला हाक मारली. "अक्का, दाजी पुढचा ब्रेक लावायचे?"

ती ज्वारी निवडत होती. तिने वरही बघितलं नाही. "लावायचे की. तुला मंठ्याला सोडून आल्ते ना, त्या दिसापासून. मी मागं बसले की तर आधी तोच. पुढचे लायनर बी दोनदा बदलले, दार लावून." मग तिने सूप खाली ठेवलं. "म्हणायचे, शोभीला सांगू नको. लई माजंल ती."

मी प्लेट हातात धरून बसून राहिले. हसावं की तुमच्या नावाने खडे फोडावेत ते कळेना. दार लावून, दाजी? स्वतःच्या अंगणात, स्वतःची गाडी, दार लावून? गावभर पुढच्याला हात लावू नका म्हणून सांगत फिरणारा माणूस मेहुणीच्या भीतीने दार लावून लायनर बदलतो. संक्रांतीला मी माझ्या बिनगेअरच्या गाडीवर निघाले तेव्हा तुम्ही दारापर्यंत आलात, आणि म्हणालात, "सावकाश जा, बाई. दोन्ही दाबत जा." माझ्या गाडीला दोन्ही ब्रेक हातातच आहेत म्हणून मला त्यात काही वाटलं नाही. आता वाटतं. तेवढं बोलून तुम्ही आत गेलात, एरवी गाडी वळणाआड जाईपर्यंत उभे राहायचात.

"मग त्या दिवशी उतारावर? तेव्हा दाबला होता का?" मी अक्काला विचारलं.

"ते न्हाई बोलले कधी. एवढंच म्हणले, की शोभीला काही झालं असतं तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवलं असतं. आन् जेवले न्हाईत त्या रात्री."

तेव्हा तो एक प्रश्न राहिलाच. राहू द्या. तुम्ही असतात तर मी हे झिजलेले तुकडे तुमच्या ताटाशेजारी मांडले असते आणि तुम्ही म्हणाला असतात की गाडी जुनी झाली म्हणजे आपोआप झिजतात. मला तुमचं उत्तर शब्दाशब्दाने येतं. पण मला नोकरी लागली ती तुमच्या पायाने ओढ्याच्या उतारावर माती घासत नेल्यामुळे लागली, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. भजे गार झाले होते आणि फार चांगले लागले होते, हेही सांगितलं नाही. तुम्ही मूठ उघडली नाहीत म्हणून मी रुसले होते, आणि माझी तरी कुठे उघडी होती.

नवे लायनर देव्हाऱ्याखालीच होते, दोन्ही चाकांचे. तुम्हीच आणून ठेवले असणार. मागचे बसवले, आणि पुढचे बसवत होते, ते पुस्तकासारखे मिटून धरायची तुमची युक्ती अजून चालते. तेवढ्यात अक्का आतून आली. हातात करडईच्या तेलाची वाटी.

"पाजायचं का गं थोडं?" ती म्हणाली.

तिचा चेहरा अगदी साधा होता, मला क्षणभर खरंच वाटलं की ती विसरली. मग तिच्या तोंडाचा कोपरा हलला. आम्ही दोघी अंगणात बसून अशा हसलो की शेजारीण डोकावून गेली. तेरवी होऊन दिवस किती झालेत आणि या बहिणी हसतायत, असं तिला वाटलं असेल. हसता हसता अक्का रडायला लागली, मग मी. वाटी मध्येच होती, सांडली नाही. संध्याकाळी त्याच तेलात तिने वांग्याची भाजी केली आणि आम्ही पोटभर जेवलो. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच.

आज सकाळी मी दोन्ही ब्रेक लावून बघितले, कोरडे, आवाज थोडा येतो. येऊ दे. बाळूने गाडी चालू केली, शेताकडे निघाला होता. मी दारात उभी राहून म्हणाले, "सावकाश जा. दोन्ही दाबत जा."

त्याने मागे वळून बघितलं. "मावशी, बाबा तर म्हणायचे पुढचा दाबायचा न्हाई."

"म्हणायचे," मी म्हणाले. "पण दाबायचे."